जमीन हान्नाबाईंची, नाव सावळेरामाचं

आहुप्याच्या अलीकडे, घाटमाथ्याला चिकटून बारा-पंधरा घरांची एक वाडी आहे. त्या वाडीत सावळेरामाला नावाने हाक मारणारी माणसं दोनच झाली. एक त्याची आई, ती तर कधीच गेली. आणि दुसरी हान्नाबाई, ती पार हॉलंडातली. बाकी सगळी वाडी त्याला म्यानेजर म्हणे. नव्या माणसाला वाटायचं, असेल एखाद्या ब्यांकेत. आणि समोरून यायचा कोण, तर चौथी शिकलेला, अंगात बंडी, कमरेच्या आकडीत कोयता अडकवलेला आणि गुडघ्यापर्यंत खाचरातल्या चिखलाचे मोजे घातलेला.

ही म्यानेजरी त्याला एकोणिसाव्या वर्षी मिळाली. बाप गेला तेव्हा मधला भाऊ हौशीराम बारा वर्षांचा होता आणि धाकटा गोरख रांगत होता. तेरावं उरकल्यावर तलाठी वाडीवर आला, ओट्यावर बसला, चहा प्यायला आणि सातबाऱ्यावर बापाच्या जागी सावळेरामाचं नाव लिहून त्याने पुढे तीन अक्षरं काढली. ए. कु. मॅ.

"ह्ये काय वो, भाऊसाहेब?"

"एकत्र कुटुंब मॅनेजर. जमीन तिघा भावांची, नाव तुझं. आता ह्या दोघांचं बघायचं तू."

तलाठ्याचं ते दोन मिनिटांचं काम. तो दप्तर आवरून गेला. सावळेरामाने मात्र ती तीन अक्षरं माळकऱ्याने माळ घालावी तशी गळ्यात घातली. हौशीरामाचं लग्न त्याने लावून दिलं. हिरडा गोळा करून, वाळवून, विकून गोरखला घोडेगावच्या वसतिगृहात ठेवलं, आयटीआय करवलं, भोसरीच्या एका कंपनीत चिकटवलं. स्वतःला सदरा शिवायचा तर आधी दोघा भावांची मापं द्यायचा. कुणी विचारलंच, की बाबा, वेगळे कधी होणार, तर ह्याचं उत्तर ठरलेलं. "घराचं म्हंजी माजंच की."

त्याची बायको इंद्रायणी जरा फटकळ. ती म्हणायची, "समद्या म्यानेजरांस्नी पगार अस्तो. आमच्याला रजासुदीक न्हाई." त्यांना मूलबाळ झालं नाही. पहिली काही वर्षं तिने नवस केले, मग सोडून दिले. हौशीरामाची पोरं तिच्याच मांडीवर वाढली.

हान्नाबाई आल्या त्या एक्क्याण्णव साली, दिवाळीच्या सुमारास. एसटीतून उतरल्या, पाठीवर ही मोठी पिशवी, डोक्याला फडकं. आहुप्याच्या देवराईतली झाडं मोजायला आल्या होत्या. झाडं कशाला मोजायची, हे वाडीतल्या कुणाला कळलं नाही. कुणी न्यायची नाहीत, कुणी तोडायची नाहीत, मग ती असतील तेवढी असतील. पण बाई सरळ होत्या. आधी गावच्या जाणत्यांना विचारलं, देवाला नारळ दिला, चपला बाहेर काढल्या आणि मगच राईत शिरल्या. राहायला जागा हवी म्हणाल्या. इंद्रायणीने आपली पडवी झाडून दिली.

मराठी त्या पुण्यात पुस्तकातून शिकल्या होत्या. पहिल्याच दिवशी इंद्रायणीला म्हणाल्या, "आपण भोजन केलेत का?" इंद्रायणी हसून हसून खाली बसली. मग दोन महिन्यांत बाई नाचणीची भाकरी थापायला शिकल्या, दोनदा हंडा फोडला, तिसऱ्यांदा डोक्यावरून नीट आणला. पन्नाशीची बाई, नवरा नाही, मूल नाही. दोघी ओट्यावर बसून हिरडा फोडायच्या आणि एकमेकींना काय सांगायच्या ते देव जाणे. पण तास तास चालायचं.

पुढे त्या दरवर्षी येत राहिल्या, तीन-चार महिने राहायच्या. शहाण्णव साली आल्या त्या गप्प गप्प. त्यांची आई वारली होती, आईचं घर विकलं होतं. एके दिवशी सावळेरामाला म्हणाल्या, "सावळेरामभाऊ, मला म्हातारपणी इथे राहायचे आहे. थोडी जमीन मिळेल का?"

योग असा, की वाडीतला बहिरू तेव्हा जमीन विकून लेकीकडे जायला निघाला होता. सडकेलगत भाताची दोन चांगली खाचरं, बांधावर हिरड्याची सात झाडं, वर थोडी उताराची वरकस, नाचणीपुरती. सावळेराम बाईंना घेऊन घोडेगावला एका वकिलाकडे गेला. वकिलाने दोघांना नीट बसवून सांगितलं.

"बाई, तुम्ही परदेशी. तुम्हाला इथं शेतजमीन घेता येत नाही. ह्यांच्या नावावर होईल, पण मग कायद्यानं ती ह्यांचीच. पैसे तुमचे म्हणून लिहून ठेवायचं म्हणाल, तर तो कागद उद्या दोघांच्याही गळ्याशी येईल."

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "मला सावळेरामभाऊंचा शब्द पुरे आहे."

सावळेरामाने तिथे काही शब्द दिला नाही. परत आल्यावर तो बाईंना घेऊन राईत गेला, देवापुढे उभा राहिला आणि त्यांना म्हणाला, "बाई, जमीन तुमची. म्या निस्ता नावाचा. तुमी याल तवा ती हितंच असंल." शब्द दिला तो असा, देवाच्या समोर आणि दिवसाढवळ्या.

खरेदीखत झालं. बाई परत गेल्या. महिनाभराने नव्या जमिनीची नोंद करायला तलाठी आला. हा तलाठी नवा, तरुण, घाईतला. त्याने वही उघडली, जुनं खातं बघितलं आणि मान वर न करता विचारलं, "नाव कसं लावू? नुसतं सावळेराम, की नेहमीसारखं?"

आता बघा, माणूस कुठे चुकतो. घसरणीच्या जागी तो जपून पाय टाकतो. चुकतो तो रोजच्या वाटेवर. सावळेरामाच्या मनात आलं, नुसतं आपलं नाव लावलं तर उद्या गाव म्हणेल, म्यानेजरानं भावांना सोडून गुपचूप जमीन केली. हौशीराम काही बोलणार नाही, पण जेवताना खाली मान घालील. आणि तीस वर्षं जिथे जिथे आपलं नाव लागलं तिथे ती अक्षरं लागलीच. ती नसली तर नाव उघडं दिसेल. शिवाय घर काही परकं आहे? आपला शब्द तो घराचा शब्द.

"न्हेमीसारकंच लावा," तो म्हणाला.

इंद्रायणी चहा घेऊन बाहेर आली तोवर तलाठ्याचं लिहून झालं होतं.

बाईंनी सडकेच्या कडेला दोन खोल्यांचं कौलारू घर बांधलं. खाचरांत जुन्या वाणांची भातं लावली. ज्यांची नावं आमच्या म्हाताऱ्या विसरत चालल्या होत्या, त्या वाणांचं बियाणं बाई कागदाच्या पुड्यांत जपून ठेवत. गोरख भोसरीहून सुट्टीला आला की त्यांच्याकडे जाऊन बसायचा, त्यांनी आणलेलं चीज खायचा आणि तोंड वाकडं करून इंद्रायणीला म्हणायचा, "वैनी, साबणच हाय वो." जमीन बाईंची आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. कुणी कुणापासून लपवलं नव्हतं. म्हणून तर सावळेराम निर्धास्त होता.

दोन हजार दोनमध्ये बाई तिकडे बर्फावरून घसरल्या, खुबा मोडला. पत्र आलं, की दोन-तीन वर्षं येणं जमणार नाही, पण मग येईन ती कायमची. सावळेरामाने त्यांचं घर दर पावसाळ्याआधी शाकारलं, भात लावलं, वाण वेगवेगळे ठेवले. त्याच सुमारास गोरखची कंपनी बंद पडली. बायको नूतन आणि दोन पोरं घेऊन तो वाडीवर आला. चाळिशीचा माणूस, हाताला काम नाही, चिखलाची सवय मोडलेली. सकाळी सडकेवर जाऊन बसायचा. आणि सडकेवरून तर तेव्हा शनिवार-रविवारी पुण्याच्या गाड्या यायला लागल्या होत्या, धुकं बघायला. लोक काच खाली करून विचारायचे, राहायची काही सोय आहे का?

एकदा दुपारी जेवताना गोरख म्हणाला, "दादा, सडकेच्या जमिनीवर चार खोल्या काढू. हॉटेल टाकू. नूतन करील सैपाक."

"ती जमीन बाईंची हाय."

"कागदावर कुठं हाय बाईंची? कागदावर घराची हाय. म्या तालुक्याला जाऊन उतारा काढलाय."

सावळेरामाचा घास हातातच राहिला. हौशीराम खाली मान घालून भात कालवत होता. म्हणजे त्यालाही माहीत होतं.

"गोरख, पैसं बाईंनी दिलं. तुला ठावं हाय."

"दिलं आसतील. तुला दिलं ना? तुला दिलं म्हंजी घराला दिलं. तू येकटा कवापासून झाला, दादा? आमाला तर जलमभर सांगितलं, घराचं म्हंजी माजं. मग आता तुजं घराचं न्हाई का?"

नूतन आतून म्हणाली, "आणि भावजी, तुमच्या मागं हाय तरी कोन. आज ना उद्या आमच्याच पोरांकडं येनार."

इंद्रायणीने ताट पुढे सरकवलं आणि म्हणाली, "नूतन, अजून आमी बसलोय जेवायला. जरा दमानं घ्या."

गोरख वाईट होता असं म्हणता येणार नाही. दारू नाही, पत्ते नाहीत. पोरांची शाळा होती, हातात काही नव्हतं, आणि समोरून गाड्या जात होत्या. सावळेरामाला हे कळत होतं, म्हणून तर त्याला धड रागावता येईना. रागावता आलं असतं तर बरं झालं असतं.

गोरखने घोडेगावला वाटपाचा अर्ज दिला. नोटीस आली तशी सावळेरामाने ती भिंतीतल्या देवळीत ठेवून दिली, आणि आहुप्याच्या गुरुजींकडे गेला, बाईंना पत्र लिहून घ्यायला. बाईंची आलेली पत्रंही तेच वाचून दाखवायचे. "काय लिहू?" गुरुजींनी विचारलं. सावळेरामाने त्यांच्या पेनाकडे बघितलं. मग म्हणाला, "लिवा, भात बरं झालंय. घर शाकारलंय." असं तीनदा झालं. तीनही पत्रांत भात बरं होतं. इंद्रायणी विचारायची, "कळवलं का?" तो म्हणायचा, "तारीख झाल्यावर येकदाच कळवतो. उगं म्हातारीला तिकडं घोर कशाला." खरं तर त्याच्याच्याने तोंड उघडवत नव्हतं.

तारखेच्या दिवशी तो पहाटेच्या एसटीने गेला. कचेरीच्या व्हरांड्यात तोच जुना वकील भेटला. त्याने सगळं ऐकलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली.

"म्यानेजर, दोनच रस्ते आहेत. जमीन स्वतःच्या कमाईची म्हणालात, तर तहसीलदार रावसाहेब विचारतील, कुठली कमाई? अन् मग नोंदीत घराचं का लावलं? बाईची म्हणालात, तर ती कुणाचीच राहणार नाही."

"पर तिचीच हाय ना."

"आहे. म्हणून तर म्हणतोय, बोलू नका."

आत रावसाहेब कागद चाळत होते. गोरख एका बाजूला उभा, हौशीराम त्याच्या मागे, भिंतीला टेकून. रावसाहेबांनी विचारलं, "ही बहिरूकडून घेतलेली जमीन एकत्र कुटुंबाची आहे, हे बरोबर? तुमची काही हरकत?"

सावळेराम म्हणाला, "सायेब, ती जमीन हान्नाबाईंची हाय. पैसं तिचं. म्या निस्ता नावाला. देवापुढं सांगितलंय."

बोलून झाल्यावर त्याला हलकं वाटलं. वाटलं, आता जे व्हायचं ते होऊ दे, खरं एकदा कागदावर येईल. पण कारकून लिहायला वाकला तसा रावसाहेबांनी त्याचा हात धरला. "लिहू नको," ते म्हणाले. मग सावळेरामाकडे बघून, अगदी हळू आवाजात, "बाबा, मी हे ऐकलेलं नाही. लिहिलं तर जमीन सरकारात जाईल. त्या बाईंवर केस होईल, तुमच्यावर होईल. ह्या वयात कशाला? भाऊ आहेत, घरातच राहतंय."

माणूस भला होता. भल्या माणसाने त्या दिवशी सावळेरामाच्या तोंडातलं खरं तसंच परत त्याच्या तोंडात घातलं. कारकुनाने लिहिलं, हरकत नाही. सावळेरामाने खाली सही केली, चौथीत शिकलेली, एकेक अक्षर तोडून. बाहेर आल्यावर हौशीराम म्हणाला, "दादा, च्या घेतो का?" सावळेराम एसटीच्या थांब्याकडे चालू लागला.

बाईंच्या जमिनीच्या तीन वाटण्या झाल्या. सडकेकडचं खाचर आणि बाईंचं घर गोरखकडे गेलं, खालचं खाचर हौशीरामाकडे. सावळेरामाने आपणहून वरची उताराची वरकस घेतली. भांडून चांगलं घ्यायचं, तर ते स्वतःसाठी मागितल्यासारखं झालं असतं. इंद्रायणी म्हणाली, "निदान बाईसाठी म्हनून तरी घर मागायचं व्हतं." तो म्हणाला, "कुन्या तोंडानं?" आणि खरोखरच त्याच्याकडे त्यासाठी तोंड उरलं नव्हतं.

बाई दोन हजार सहाच्या डिसेंबरात आल्या. काठी घेऊन, एका बाजूला लचकत. सावळेराम आणि इंद्रायणी सडकेवर उभे होते. बसमधून उतरल्यावर बाईंनी आधी आपल्या घराकडे बघितलं. घराला निळा रंग दिलेला, बाजूला दोन नव्या खोल्या, वर पाटी, 'जेवण व राहण्याची सोय'. अंगणात नूतन चादरी वाळत घालत होती. तिने मान फिरवली.

बाईंच्या चेहऱ्यावर नवल नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक कागद काढला. पुण्यात उतरल्यावर कुणाकडून तरी त्यांनी उतारे काढून घेतले होते, नवे आणि जुने. बाई शहाणी. पत्रांतलं भात वर्षानुवर्षं सारखंच बरं होतं, त्यावरूनच ओळखलं असेल.

तिथेच मैलाच्या दगडावर त्या बसल्या. चष्मा लावला.

"सावळेरामभाऊ, इथे असे लिहिले आहे की ही जमीन कुटुंबाची. ही नोंद शहाण्णव साली झाली. माझ्या पैशाने घेतल्यावर एका महिन्याने."

"व्हय."

"तुम्ही तसे सांगितलेत? की त्यांनी आपोआप लिहिले?"

त्याला सांगता आलं असतं, की तलाठी घाईत होता. की न्हेमीसारकं म्हणजे काय ते मला कळलं नाही. इंद्रायणी त्याच्याकडे टक लावून बघत होती, जणू डोळ्यांनीच म्हणत होती, सांगा काहीतरी.

"म्याच सांगितलं," तो म्हणाला.

"का?"

"बाई, आमच्यात... म्हंजी घराचं लावलं की ते..." त्याचे हात हवेत काही शोधत राहिले. तीन अक्षरं, तीस वर्षं, हौशीरामाची खाली गेलेली मान, हे सगळं त्याला पुस्तकी मराठीत सांगता येईना आणि आपल्या बोलीतही सांगता येईना. "घर राखील आसं वाटलं."

बाईंनी कागदाची घडी केली. रागावल्या असत्या तर बरं. त्या नुसत्या थकल्यासारख्या म्हणाल्या, "मग मी घरातली नव्हते का?"

वर बोट करून सावळेराम म्हणाला, "बाई, वरचा उतार माज्याकडं हाय. तो तुमचा. उद्यापासून घर बांधू. दगड वाहतो म्या."

बाईंनी त्या चढाकडे बघितलं, मग आपल्या काठीकडे. "तिथे मी चढणार कशी?" त्या म्हणाल्या.

इंद्रायणीने घरी चला म्हणून हात धरला. त्या आल्या, ओट्यावर बसल्या, पाणी प्यायल्या. ताट वाढलं तर भाताला हात लावला नाही, भाकरीचा तुकडा मोडून तेवढाच खाल्ला. इंद्रायणीच्या गालावरून हात फिरवला आणि काही बोलल्या, ते बहुतेक त्यांच्या भाषेत. सावळेराम खाली, अंगणात उभा होता. त्याच्याशी त्या एकदा बोलल्या, "वाण कुठे आहेत?"

ते त्याने सांभाळले होते. उतरंडीतून एकेक पुडी काढून त्याने समोर ठेवली. त्यांनी त्या सगळ्या पिशवीत भरल्या, एकही ठेवली नाही, आणि तीनच्या परतीच्या गाडीने गेल्या. गाडीत चढायला त्याने हात पुढे केला. त्यांनी कंडक्टरचा हात धरला.

त्यानंतर पत्र आलं नाही. सावळेरामाने गुरुजींकडे जाऊन एकदा सगळं लिहून घेतलं, चार पानं झाली. पण बाईंचा तो पत्ता जुना निघाला. महिन्या-दोन महिन्यांनी पाकीट परत आलं, वर परदेशी शिक्के. इंद्रायणीने ते उघडलंही नाही.

"त्या दिवशी सांगायचं तरी व्हतं," ती म्हणाली. "सायबापुढं तुमी खरं बोललात त्ये."

"कुनी लिवलं कुठं?"

"लिवलं आसतं तर?"

"तर जमीन गेली आसती."

"आता कुठं ऱ्हायली?"

ती वरकस सावळेरामाने तशीच ठेवलीय, पेरत नाही, कुणाला पेरू देत नाही. हौशीराम दरवर्षी विचारतो, नाचणी टाकू का, दादा? हा म्हणतो, माजी न्हाई ती, इचारायचं तर जिची हाय तिला इचार. तिथे आता कारवीचं रान माजलंय. म्यानेजर म्हणून कुणी हाक मारली तर तो वळून बघत नाही, ऐकू कमी येतं म्हणतो.